दुकानाची विक्री झीरोच्या वह्यांत कशी पोचवावी

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका रोपवाटिकेचं ऑनलाइन दुकान मी सांगलीत बसून सांभाळते. त्यांचा हिशेब झीरो नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. इंग्रजीत त्याचं नाव एक्सने सुरू होतं, शोधताना लक्षात ठेवा. २००६ साली न्यूझीलंडमध्येच सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर तिथल्या छोट्या धंद्यांत चांगलंच रुळलेलं आहे. दुकान नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर, चालत असेल तर कंपनीनेच दिलेली ‘झीरो-नोड’ लायब्ररी घ्या, झीरोच्या सर्व्हरला जाणाऱ्या विनंत्या हाताने लिहीत बसू नका. फक्त ती कुठवर साथ देते ते आधी पाहून ठेवा. मी मूळची बी.कॉम.ची, कोड नंतर शिकले. त्यामुळे माझं लक्ष टोकनपेक्षा, म्हणजे प्रवेशाच्या डिजिटल किल्लीपेक्षा, खतावणीकडे जास्त असतं.

जोडणीचा भाग सरळ आहे. झीरोच्या डेव्हलपर पोर्टलवर ॲप नोंदवा, क्लायंट आयडी आणि सीक्रेट (ॲपची ओळख आणि पासवर्ड) घ्या, लॉगिननंतर परत येण्याचा पत्ता लिहा. हा पत्ता कोडमधल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. परवानग्या लागतील तेवढ्याच मागा, पण ‘ऑफलाइन ॲक्सेस’ विसरू नका. ती नसेल तर रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता नवं ॲक्सेस टोकन आणणारी किल्ली, मिळतच नाही. लायब्ररी संमतीचा दुवा बनवून देते, मालक लॉगिन करून हो म्हणतात, आणि परत आलेल्या पत्त्यावरून लायब्ररीच टोकन काढून घेते. त्यानंतर ‘अपडेट टेनंट्स’ चालवा, जोडलेल्या कंपन्यांची यादी येते. एका लॉगिनखाली दोन-तीन कंपन्या असू शकतात, म्हणून प्रत्येक विनंतीत टेनंट आयडी, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, द्यावा लागतो. यादीतली पहिली कंपनी डोळे झाकून उचलू नका; नाव दाखवा आणि मालकांना निवडू द्या.

ॲक्सेस टोकन ३० मिनिटं चालतं. रिफ्रेश टोकन न वापरता ६० दिवस टिकतं, आणि वापरलं की त्याच्या जागी नवं येतं. म्हणून दर वेळी आलेला अख्खा टोकन-संच डेटाबेसमध्ये लिहा, सर्व्हरच्या मेमरीत ठेवू नका. दोन प्रोसेस एकाच वेळी टोकन ताजं करायला धावणार नाहीत असं कुलूपही घाला. रोपवाटिकेचं दुकान तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, थंडावतं. विक्री नाही म्हणजे विनंती नाही, आणि तसे ६० दिवस उलटले की मालकांना पुन्हा लॉगिन करायला सांगावं लागतं. आठवड्याला एकदा टोकन ताजं करणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, प्रश्न मिटतो.

इथवर लायब्ररी तुमच्या बरोबर असते. पुढचं सगळं हिशेबाचं, आणि ते तुमचं तुम्हीच ठरवायचं.

माझं पहिलं मत: किरकोळ दुकानाच्या प्रत्येक ऑर्डरचं वेगळं इन्व्हॉइस झीरोत पाठवू नका. संपर्कांच्या यादीत एकेका रोपाचे शेकडो गिऱ्हाईक साचतात आणि हिशेबनीस वैतागतात. ‘वेब विक्री’ नावाचा एकच संपर्क करा आणि दिवसाचं एक इन्व्हॉइस पाठवा. कार्डाने आलेले पैसे आणि बँकेतून आलेले पैसे वेगळ्या ओळींत. झीरोची मिनिटाला ६० विनंत्यांची मर्यादाही मग कधी आडवी येत नाही. इन्व्हॉइसचा क्रमांक तारखेवरूनच बनवा, उदाहरणार्थ वेब-२०२५०४०१. विक्रीच्या इन्व्हॉइसचा क्रमांक झीरोत दुसऱ्यांदा चालत नाही, त्यामुळे ‘क्रिएट इन्व्हॉइसेस’ चुकून दोनदा चाललं तरी दुसऱ्यांदा त्रुटी येते, विक्री दुप्पट होत नाही. ‘अपडेट ऑर क्रिएट’ मात्र तोच क्रमांक दिसला की जुनं इन्व्हॉइस बदलतं. दोन्ही फंक्शनं शेजारी-शेजारी दिसतात, नीट बघून निवडा.

‘दिवसाचं’ म्हणजे कुठल्या दिवसाचं? हॅमिल्टनमध्ये १ एप्रिलला सकाळी ९ वाजता रोप विकलं, तर सांगलीत रात्रीचे दीड वाजलेले असतात आणि यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालणाऱ्या सर्व्हरवर अजून ३१ मार्चची रात्र असते. तिकडे बहुतेक धंद्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. जावास्क्रिप्टची ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ यूटीसीची वेळ देते; ती कापून तारीख घेतलीत, तर नव्या वर्षाची विक्री जुन्या वर्षात पडते. ‘पॅसिफिक/ऑकलंड’ हा टाइमझोन देऊन तारीख काढा आणि ती वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरातच पाठवा. ऑर्डरींची बेरीजही त्याच टाइमझोनच्या दिवसाने करा, नाहीतर तारीख बरोबर आणि रक्कम चूक.

मग कर. न्यूझीलंडचा जीएसटी २०१० पासून १५ टक्के आहे आणि दुकानातल्या किमती करासकट लिहिलेल्या असतात. ओळींतल्या रकमा करासकट आहेत हे सांगितलं नाहीत तर झीरो रक्कम करापूर्वीची धरतं: ११५ डॉलरची विक्री १३२.२५ होऊन बसते. ‘लाइन अमाउंट टाइप्स’मध्ये ‘इन्क्लुझिव्ह’ लिहा, म्हणजे १०० विक्री आणि १५ कर असे तुकडे पडतील. तिथल्या विक्रीच्या १५ टक्क्यांचा कोड ‘आउटपुट२’ आहे. ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणांतला नुसता ‘आउटपुट’ उचलू नका, तो तिथल्या १० टक्क्यांचा.

इन्व्हॉइस ‘ड्राफ्ट’ म्हणूनच पाठवा. मसुदा पुसता येतो. ‘ऑथराइज्ड’ झालं की ते खतावणीत जातं आणि मग फक्त रद्द करता येतं, पुसता येत नाही. मंजुरीचं बटण हिशेबनिसांनी दाबावं. मालक म्हणतील, सगळं आपोआप करा. निदान पहिलं जीएसटी विवरणपत्र भरून होईपर्यंत ऐकू नका.

अनेक इन्व्हॉइसं एकदम पाठवताना ‘समराइझ एरर्स’ या पर्यायाला फॉल्स द्या. नाहीतर एक बिघडलं की सगळा गठ्ठा परत येतो. फॉल्स दिल्यावर उत्तर २०० (म्हणजे सगळं ठीक) येतं, पण बिघाड आतल्या एकेका इन्व्हॉइसवर लिहिलेला असतो. तो वाचायलाच हवा. ४२९, म्हणजे विनंत्यांची मर्यादा ओलांडल्याचं उत्तर, आलं तर ‘रिट्राय आफ्टर’मध्ये दिलेले सेकंद थांबा.

सराव खऱ्या कंपनीवर नको. झीरो डेमो कंपनी देतं, ती दर २८ दिवसांनी कोरी होते, तेव्हा तिच्यावर विसंबून महिनाभराच्या चाचण्या आखू नका.

आणि जोडणी सुरू करण्याआधी हिशेबनिसांना एक विचारा: पुस्तकं कुठल्या तारखेपर्यंत कुलूपबंद करता? त्या तारखेआधीचं इन्व्हॉइस झीरो नाकारतं. मार्चमधल्या विक्रीचे पैसे मे महिन्यात गिऱ्हाइकाला परत करावे लागले, तर तो परतावा कुठल्या तारखेला टाकायचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तोच नियम कोडमध्ये उतरवा.