ओझ्याची पिकअप घेताय? गॅस (सीएनजी) की डिझेल, ते असं ठरवा

शोरूममध्ये पाय टाकायच्या आधी तुमचा नेहमीचा माल एखाद्या भाड्याच्या गाडीत भरून एकदा धरमकाट्यावर नेऊन या. नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या गॅरेजवर लोक येतात ते "भाऊ, गॅसची घेऊ का डिझेलची?" इथूनच सुरुवात करतात. माल किती टाकता विचारलं की म्हणतात, "बसते टन-दीड टन." पण टन आणि दीड टन यातच तर सगळा निर्णय अडकलेला आहे.

संत्र्याचंच घ्या. काटोल-नरखेडकडून कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या एका कॅरेटमध्ये 20-22 किलो माल बसतो, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळं. 60 कॅरेट लावली की 1,400 किलोच्या घरात गेलात. वरून ताडपत्री, दोर आणि सोबतचा हमाल. 1,000 किलो पासिंगच्या गाडीत हे कायद्यानेच बसत नाही. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरलं तेवढंच तुमचं पासिंग. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडसाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड लिहिलेला आहे. गॅसच्या टाक्यांचं वजनही रिकाम्या गाडीतच धरलं जातं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या गॅस आणि डिझेल गाडीचं पासिंग सारखंच असेल असं समजू नका. बाहेरून गॅसचं किट बसवणार असाल तर टाक्यांचं वजन सरळ तुमच्या मालातून कटतं.

वजन कळलं की टॉर्क बघा. हॉर्सपॉवरचा आकडा सेल्समन आधी सांगतो, पण भरलेली गाडी जागेवरून हलवतो तो टॉर्क, आणि तो किती कमी आरपीएमला (इंजिनच्या मिनिटातल्या फेऱ्यांना) मिळतो हे त्याहून महत्त्वाचं. टाटाच्या इंट्रा व्ही20 चं इंजिन पेट्रोलवर 106 न्यूटन मीटर टॉर्क देतं, तेच गॅसवर 95. गॅस इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो, म्हणून ही घट येते. व्ही50 चं टर्बो डिझेल 220 देतं, तेही 1,750 आरपीएमपासून. गाड्या वेगळ्या गटातल्या आहेत हे खरं, पण दीड टनाला कोणती लागते ते यावरून दिसतं.

कमी टॉर्कच्या गाडीत जास्त माल भरला की काय होतं ते मी रोज बघतो. चढावर गाडी उचलायला ड्रायव्हर रेस वाढवतो आणि हाफ क्लच धरून ठेवतो. गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट हातात घ्या: अस्तर रिबीटपर्यंत घासलेलं, प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे चट्टे, आणि जळका वास हातालाही लागतो. गाडीचा मालक गॅसवर वाचलेले पैसे सांगत असतो आणि समोर क्लच सेटचं बिल असतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकांची हीच पहिली गाडी असते, कर्ज काढून घेतलेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाट किंवा सिवनीकडे कुरई घाट भरल्या गाडीने नेहमी चढायचा असेल, तर डिझेल घ्या. मागे ओढकाम असेल तरीही डिझेलच. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट मिक्सर किंवा लग्नात ट्रॉलीवरचा जनरेटर बांधून नेणारे माझ्याकडे येतात. त्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार तुमच्याच ब्रेकवर येतो, तेव्हा मागे ओढायची परवानगी आणि मर्यादा कंपनीकडून लेखी घ्या, हुक नंतर लावा.

पण इतवारी, कॉटन मार्केट, गांधीबाग अशा गर्दीत दिवसभर थांबत-थांबत सात-आठशे किलो पोचवायचं असेल, तर डिझेलचा हट्ट धरू नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेतला फिल्टर असतो. तो काजळी धरतो आणि ती जाळायला सलग, बऱ्या वेगाचा रन लागतो. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो मिळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तरी गाडी तशीच दामटली की तिचा जोर मरतो. दिवा लागला की गाडी वर्धा रोडवर काढून बुटीबोरीपर्यंत न थांबता नेऊन आणा. काही गाड्यांत धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते, ती रिकामी होऊ देऊ नका.

नागपूरकरांनी गॅसच्या भावावर डोळे झाकून हिशेब मांडू नये. मार्च 2022 मध्ये इथे सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, देशात महाग म्हणून बातम्या झाल्या होत्या. आजचा भाव घेऊन स्वतः गणित करा. समजा दोन्हींचा भाव 90 आहे, भरली डिझेल गाडी लिटरला 14 आणि गॅसची किलोला 17 किलोमीटर देते. किलोमीटरमागे सव्वा रुपयाच्या आत फरक निघतो. वर्षाला 30,000 किलोमीटर चालवली तर 34,000 रुपये. आता पंपावरच्या रांगेत किती भाडी जातात ते त्यातून वजा करा. मे महिन्यात, पारा 45 वर असताना, टाकीत तेवढ्याच प्रेशरला गॅस कमी किलो बसतो. पैसे किलोवारीच लागतात, पण पुन्हा रांगेत लवकर उभं राहावं लागतं.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन काही कळत नाही. वाळूच्या गोण्या भरा, चढावर थांबवा आणि हँडब्रेक सोडून उचला. दुसऱ्या गिअरमध्ये ती दम टाकते का, एसी नसलेल्या केबिनमध्ये पाय भाजतात का, टेम्परेचरचा काटा कुठे जातो, हे बघा. जमलं तर दुपारी दोनला न्या.

जुनी गॅसची गाडी घेत असाल तर टाकीवरची प्लेट वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) लागते, तारीख उलटलेली असेल तर टेस्टचा खर्च भावातून कापा आणि सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय गॅस भरू नका. जुनी डिझेल असेल तर सकाळी इंजिन थंड असताना जा, सायलेन्सर हाताने चाचपून बघा, आणि डीपीएफ काढून टाकलेला नाही ना ते गाडी वर घेऊन खालून तपासा.