दुसऱ्याचं लेकरू काही वर्षांसाठी सांभाळायचं तर

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन मशिनी, एक कपाट, भिंतीला आरसा. दोन वर्षं चार महिने आमच्याकडे दोन भावंडं राहून गेली. आली तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता, धाकटी साडेसहाची. तेव्हापासून गिऱ्हाईक बायका ब्लाउज घालून बघता बघता हळूच विचारतात, "आम्हालाही करता येईल का हो असं?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

मुलांची नावं आणि गावाचं नाव यात मिळणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४. ती आमच्याकडे का आली हेही सांगणार नाही. ती गोष्ट त्यांची आहे, मोठी झाल्यावर सांगायची की नाही ते ती ठरवतील. तुमच्या घरी मूल आलं की शेजारपाजार, नणंदा-जावा, रिक्षावाला, सगळे विचारतील, "आईबाप नाहीत का?" एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं होतं: "आहेत, सध्या आमच्याकडे राहतात." आणि लगेच चहा टाकायला उठायचं.

दत्तक वेगळं, हे वेगळं

सरकारी कागदावर याला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलताना सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलम ४४ आहे, त्यात हे सगळं येतं. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं, नावासकट. इथं ते ज्याचं आहे त्याचंच राहतं. त्याच्या आईबापांना आज सांभाळणं शक्य नाही, म्हणून बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी सरकारी समिती, आदेश काढून त्याला तुमच्या घरी ठेवते. दिवस पालटले आणि समितीची खात्री पटली, की मूल परत जातं. जे मूल दत्तक जाऊ शकतं असं समिती ठरवते, त्याला लांब मुदतीसाठी असं ठेवत नाहीत, त्याची वाट वेगळी.

म्हणून अर्ज करायच्या आधी नवराबायकोनं एका रात्री खरं बोलून घ्यावं. आपल्याला मूल हवंय, की एखाद्या मुलाला घर हवंय म्हणून आपण दार उघडतोय? पहिलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, सरळ दत्तकासाठी नाव नोंदवा. मनात दत्तक ठेवून फॉस्टरला आलात तर मुलाच्या आईची तब्येत सुधारली हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. तसं वाटणारं घर मुलाला सोसत नाही.

(केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालं असेल तर दोन वर्षं सांभाळलेल्या कुटुंबाला ते दत्तक मागता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. पण त्या आशेवर सुरुवात करू नका.)

आणखी एक घोळ बायका हमखास घालतात तो बालसंगोपन योजनेचा. सावित्रीबाईंच्या नावाची ती राज्याची योजना, महिना २२५० रुपयांची. तिच्यात मूल बहुतेकदा स्वतःच्या विधवा आईकडे नाहीतर आजी-मामांकडेच असतं. मी सांगतेय ते परक्या घराबद्दल.

कोणाला जमतं, कागद काय लागतात

जोडपं असेल तर लग्नाला दोन वर्षं तरी व्हायला हवीत. एकटी बाई, विधवा, घटस्फोटित, अविवाहित, सगळ्यांना आता अर्ज करता येतो, वय पस्तिशीच्या पुढचं हवं. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा देतात. मुलं सहा वर्षांच्या पुढची असतात, तान्हं बाळ डोळ्यांपुढं आणू नका. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे महिना ४००० रुपये मिळतात. "पैशांसाठी ठेवलीत" असं कोणीतरी म्हणणारच. मी वही घातली होती, दूध, वह्या, डॉक्टर, चपला. लोकांना दाखवायला नाही, माझं मन मला खाऊ नये म्हणून.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं जा. अर्ज कसा भरायचा, ऑनलाइन कुठं, ते तिथं दाखवतात. ओळखीचा, राहत्या जागेचा, उत्पन्नाचा आणि तब्येतीचा दाखला, पोलीस पडताळणी, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं, एवढी फाइल तयार ठेवा. दोन-दोन झेरॉक्स.

मग घर बघायला येतात. मी पोरगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी तयारी केली होती, नवे पडदे, पोहे. आलेल्या बाईंनी पडद्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. न्हाणीघराची कडी आतून लागते का ते लावून बघितलं. मुलं झोपणार कुठं, त्यांच्या वस्तू ठेवायला स्वतःचा कप्पा आहे का, विचारलं. आमच्या बारावीतल्या लेकाला गच्चीवर नेऊन एकट्याशी बोलल्या. खाली आल्यावर मला विचारलं, "मुलं परत गेली तर काय कराल?" मी म्हटलं, "रडेन." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, नापास. नंतर कळलं की उत्तर बरोबर होतं.

भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच ठेवायची, हेही कायद्यातच आहे. आम्ही अर्ज एकीसाठी केला होता. दोघं आहेत म्हटल्यावर आमचे हे गप्प झाले. मग म्हणाले, "एक पलंग आणखी लागेल." तिथंच होकार झाला.

पिशवी

मुलं येताना एक पिशवी घेऊन येतात. आमच्या धाकटीकडे कापडी होती, लोणच्याच्या जाहिरातीची. पहिला आठवडा ती उशाशी घेऊन झोपायची. आठव्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पिशवी उघडली. एक फ्रॉक, तुटका कंगवा, आणि साडीचा हातभर तुकडा, मळून काळपट झालेला. मी शिवणारी बाई, कापड मळकं दिसलं की हात शिवशिवतात. साबण लावून, नीळ घालून स्वच्छ धुतला, इस्त्री करून घडी घालून परत ठेवला. वर मनाशी म्हणते कशी, पोरीला बरं वाटेल.

संध्याकाळी तिनं तो तुकडा नाकाला लावला. पुन्हा लावला. घडी मोडून दुसरं टोक लावलं. मग माझ्याकडे बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. तुकडा पिशवीत ठेवला आणि त्या दिवसापासून पिशवी पलंगाखाली सरकवली, उशाशी कधीच घेतली नाही. थोरला म्हणाला, "त्याला आईचा वास यायचा."

तर सूचना अशी: पिशवीतलं काहीही विचारल्याशिवाय धुऊ नका, टाकू नका, शिवू नका. नवे कपडे जरूर घ्या, पण जुन्याच्या जागी घेऊ नका, जुन्याच्या शेजारी ठेवा. मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली. खरं माफ केलं का, मला सांगता येणार नाही.

रोजचं

"आई म्हण" असं सांगू नका. त्यांना आई आहे. आम्ही मावशी आणि काका होतो. धाकटी मधूनच झोपेत आई म्हणायची, तेव्हा "ओ" द्यायची की नाही हा प्रश्न मला कायम पडायचा. मी "हं" म्हणायचे.

शाळेत नाव, आडनाव, बापाचं नाव त्यांचंच राहतं. समितीच्या आदेशाची प्रत घेऊन जा. एका शाळेतल्या क्लार्कनं भर ऑफिसात, थोरला शेजारी उभा असताना, मोठ्यानं विचारलं, "म्हणजे अनाथाश्रमातला का?" मी काही बोलायच्या आत पोरगा बाहेर निघून गेला. पुढच्या वेळी मी मुख्याध्यापकांना आधी एकटी जाऊन भेटले. तुम्ही पहिल्याच वेळी तसं करा.

जेवणाचं म्हणाल तर आमच्याकडे आमटीला चिंच-गूळ. दोघंही पहिला घास घेऊन थांबायची, मग मुकाट्यानं गिळायची. मुकाट्यानं खाणाऱ्या मुलाला आवडलंय असं समजू नका, ते पाहुण्यासारखं वागत असतं. शेवटी मी विचारलं, "तुमच्याकडे कशी करतात?" थोरल्यानं ओट्याशी उभं राहून सांगितलं, लसूण ठेचायचा, लाल तिखट तेलात टाकायचं, चिंच अजिबात नाही. बुधवार-शनिवार त्यांची आमटी ठरली. पहिल्यांदा "मीठ कमी आहे" म्हणाला तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले.

मारायचं नाही हे तर आहेच. पण मारण्याहून वाईट एक वाक्य आहे, आपण आपल्या पोरांना सर्रास म्हणतो ते. आमच्या सासूबाई, जीव लावणारी बाई, धाकटीनं दूध सांडलं म्हणून हसत हसत म्हणाल्या, "असं केलंस तर देऊन येईन हं परत." संध्याकाळी बघतो तर पोरगी पायात चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली. म्हणाली, "मी तयार आहे." सासूबाईंनी तिच्या शेजारी पायरीवर बसकण मारली आणि जेवायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. घरात मूल यायच्या आधी आजी-आजोबा, आत्या, सगळ्यांना बसवून हे एक वाक्य बंद करा. गमतीतसुद्धा नाही.

फोटो स्टेटसला लावायचे नाहीत. वाढदिवसाचेही नाहीत. घरात अल्बम करा, छापील, तो पुढं त्यांच्याबरोबर जातो.

स्वतःच्या पोराचंही बघा. आमच्या लेकानं अर्धी खोली दिली, वर "मला काय फरक पडतोय" म्हणाला. फरक पडत होता. रात्री अभ्यासाला मित्राकडे जायला लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रविवारची सकाळ मी त्याच्या एकट्यासाठी राखून ठेवली.

आईची भेट

आईबापांना भेटायचा हक्क असतो, समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तरच थांबवतात. भेटीनंतरचे दोन-तीन दिवस अवघड जातात. धाकटी अंथरूण ओलं करायची. थोरला माझ्याशी बोलायचा नाही, जणू मीच त्याला आईपासून ओढून आणलंय. आमचे हे एकदा म्हणाले, "भेटीच नकोत, पोरं बिथरतात." मीही तेच म्हणणार होते. देखरेखीला येणाऱ्या ताईंनी समजावलं, आईला भेटून मूल बिथरतं म्हणजे त्याचं नातं जिवंत आहे, आपल्याला चादर धुवावी लागते एवढंच. तेव्हापासून भेटीच्या दिवशी घरी मुगाची खिचडी, वर तूप, आणि एकही प्रश्न नाही. "काय म्हणाली आई?" हे तर नाहीच. सांगायचं तेव्हा सांगतात, बहुतेकदा तुम्ही भांडी घासत असताना, पाठमोऱ्या.

आईबद्दल घरात वाकडा शब्द नको. मला तिचा राग होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या भेटीत तिनं धाकटीची वेणी सोडून पुन्हा घातली तेव्हा मला झोंबलं, मीच सकाळी घातली होती. पण तिचे हात बघितले, केसांतून कसे फिरत होते ते, आणि गप्प बसले.

दर महिन्याला तपासणी होते. ती पोलिसी वाटून घेऊ नका. तपासायला आलेल्यांशी मुलांना एकटं बोलू द्या, चहाच्या निमित्तानं दारात घुटमळू नका. मूल तुमच्याविरुद्ध काही बोलू शकतं हे त्याला माहीत असणं, हीच त्याची सुरक्षितता. थोरल्यानं एकदा तक्रार केली की मावशी मशीनवर बसली की ऐकतच नाही. खरं होतं. ऐन लग्नसराईतसुद्धा चार ते पाच मशीन बंद ठेवायला लागले.

परत जाताना

एकदम पाठवत नाहीत, निदान पाठवू नये. आमच्याकडे आधी शनिवार-रविवार, मग दिवाळीची सुट्टी, मग आदेश. थोरल्याला विचारलं गेलं, धाकटीलाही. ती म्हणाली, "मला दोन्हीकडे राहायचंय." तिचं म्हणणं लिहून घेतलं गेलं. तसं करणं शक्य नाही हेही तिला नीट समजावून सांगितलं. मी "थोडेच दिवस, परत येशील" असं म्हणून वेळ मारून नेली नाही. तुम्हीही नेऊ नका.

देताना एक फाइल द्या: लसींचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शाळेचे निकाल, कोणत्या औषधानं पुरळ येतं ते. वेगळ्या कागदावर सवयी. धाकटीला दिवा पूर्ण बंद केलेला चालत नाही. थोरला परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवत नाही, दहीभात चालतो. अल्बम. बँकेचं पासबुक.

आणि गणवेश. शिवताना मी दोघांच्याही कपड्यांत आत भरपूर माया ठेवली होती, खाली चार बोटं दुमड. त्यांची आई न्यायला आली तेव्हा स्कर्ट उलटा करून तिला दाखवला, जूनमध्ये इथून उसवून लांब करा म्हटलं. तिनं तो हातात घेतला, शिवण बोटांनी चाचपली, आतलं कापड नखानं मोजल्यासारखं करून बघितलं.

"दोन वर्षं पुरंल," म्हणाली. मग विचारलं, "दोरा कुठला वापरलात?"

मी रीळच काढून दिलं.