स्पॅनिशवाल्यांना इंग्लिशचे 'ही, शी, इट' शिकवायचेत? आधी आपली मराठी आठवा

गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या सीझनला पाहुण्यांना देतो, त्यात स्पेन, अर्जेंटिना, चिले, कोलंबिया इकडचे लोक बरेच, योगा शिकायला येतात आणि दोन-तीन महिने मुक्काम ठोकतात. एकदा सकाळी सकाळी एक बाई जिन्यावरून ओरडली, "इज ब्रोकन! हॅव वॉटर इन द फ्लोर!" काय ब्रोकन? नळ, गीझर, बादली? वर धावत जाऊन बघतो तर बेसिनखालचा पाइप सुटलेला. बाईचं इंग्लिश तसं चांगलं, मोठमोठे शब्द यायचे, अडायचं ते फक्त ह्या बारक्या शब्दांत. तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला ज्याला पाहिजे त्याला तासभर शिकवतो. मी काय मास्तर नाही, पण एक गोष्ट कळली, ह्यांच्या बऱ्याचशा चुका आपल्या मराठीतून बघितल्या की पटकन समजतात, इंग्लिशच्या ग्रामर बुकातून तेवढ्या नाही समजत.

सुरुवात 'इट' पासूनच करा. स्पॅनिशमध्ये कर्ता बोलायची गरज नसते, 'आब्लो' म्हटलं की मी बोलतो, 'आब्लास' म्हटलं की तू बोलतोस, सगळं क्रियापदाच्या शेपटीत. आपण नाही का फोनवर "आलो", "जेवलीस?" एवढंच बोलतो, तसंच. आणि पाऊस पडतोय ह्याला त्यांचा एकच शब्द, 'युएवे'. कोण पडतोय, काय पडतोय, काही नाही. आपलं मे महिन्यातलं "उकडतंय" आठवा, उकडतंय कोण? कोणीच नाही, नुसतं उकडतंय. इंग्लिशला मात्र कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही, बसायला कोणी नसलं तरी 'इट' ला आणून बसवायचं. इट इज हॉट, इट इज रेनिंग, इट इज थ्री ओक्लॉक. आमच्याकडे साधा नियम आहे, 'इज' ने वाक्य सुरू केलं की तो प्रश्न झाला, मी लगेच "आय डोन्ट नो, इज इट?" असं उत्तर देतो. दोन दिवस चिडतात, तिसऱ्या दिवशी 'इट' यायला लागतं.

त्या बाईचं 'हॅव वॉटर' पण समजून घ्या. स्पॅनिशमध्ये "तिथे अमुक आहे" आणि "तिथे अमुक आहेत" दोन्हीला एकच शब्द, 'आय'. (हो, 'आय'. इंग्लिशमध्ये तो "मी" होतो आणि आपल्याकडे गावात आईला पण आय म्हणतात, पहिल्या दिवशी ह्यावरच अर्धा तास गेला.) हा 'आय' ज्या क्रियापदाचा आहे ते दिसायला इंग्लिशच्या 'हॅव' सारखं, म्हणून हात तिकडे जातो. उपाय म्हणजे खोलीतच बसवायचं आणि दिसेल ते मोजायला लावायचं, देअर इज अ फॅन, देअर आर टू बेड्स, देअर इज अ पाल ऑन द वॉल.

आता खरी मजा, 'हिज' आणि 'हर'. "माय सिस्टर अँड हिज हजबंड" हे तुम्ही शंभर वेळा ऐकणार. कारण त्यांचा 'सु' म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा आणि वर तुमचा पण. मालक बाई की पुरुष ते 'सु' ला माहीतच नाही, वस्तू जास्त असल्या की 'सुस' होतं, बस. आपल्या "तिचा" ला बघा दोन टोकं आहेत, "ति" मालकिणीकडे बघतं आणि "चा" नवऱ्याकडे, म्हणून तिचा नवरा, तिची सासू, तिचं घर. इंग्लिशने मागचं टोक कापलं, फक्त मालक बघतं. स्पॅनिशने मालकाचं बाई-पुरुषपण सोडून दिलं. त्यामुळे बिचारे "हजबंड" ऐकतात आणि पुरुष आहे म्हणून 'हिज' लावून टाकतात.

मी फोनमधला फॅमिली फोटो काढायला सांगतो. बोट आधी मालकावर ठेव, मग बोल. बोट बहिणीवर आहे ना, मग पुढे नवरा येऊ दे, मुलगा येऊ दे, कुत्रा येऊ दे, 'हर' च. दुसरी युक्ती ह्याहून भारी. गोंधळ होतोय वाटलं की ते स्वतःच स्पॅनिशमध्ये 'दे एल' (त्याचा) किंवा 'दे एया' (तिचा) असं फोडून बोलतात. तर सांगायचं, मनात 'दे एया' येतं का बघ, आलं की 'हर'. आमच्या शेजारचे आजोबा १९६१ च्या आधी पोर्तुगीजमध्ये शिकलेले, ते म्हणाले पोर्तुगीजमध्ये पण 'सेउ' चा हाच घोळ आणि 'देल', 'देला' हीच सोडवणूक.

आणि हो, 'सु' मध्ये आदराचा "तुमचा" पण असल्यामुळे एका स्पेनच्या काकांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "व्हॉट इज हिज नेम?" मी मागे वळून बघितलं कोण आलंय म्हणून. ते आपलं "आपलं नाव काय?" विचारत होते.

वस्तूंना 'शी' म्हणतात त्यावर हसू नका. टेबल त्यांना बाई, 'ला मेसा'. प्रॉब्लेम शेवटी 'आ' असून पुरुष, 'एल प्रोब्लेमा'. आपण तरी काय, खुर्ची ती आणि पाव तो. "व्हेअर इज द की?" "आय हॅव हर." म्हणजे ती माझ्याकडे आहे. वस्तू एक असली तर 'इट', जास्त असल्या तर 'देम', एवढंच पाठ करायचं.

'लाइक' साठी मात्र खायला घालावं लागतं. "मला मासा आवडतो" हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल पेस्कादो', आणि "मला आंबे आवडतात" हे 'मे गुस्तान लोस मांगोस'. बघा, आवडतो-आवडतात सारखंच क्रियापद मासा आणि आंब्यांप्रमाणे बदलतं, हुबेहूब मराठी! म्हणून "डू यू लाइक इट?" विचारलं की "येस, आय लाइक" म्हणून थांबतात, आपण "हो, आवडलं" म्हणतो तसं, आणि खरं सांगायचं तर आपले लोकही इंग्लिशमध्ये तसंच बोलतात. बेबिंका पुढे ठेवा, उत्तर "आय लाइक इट". नेवऱ्या ठेवा, "आय लाइक देम". 'इट' किंवा 'देम' आल्याशिवाय दुसरा तुकडा नाही.

'धिस', 'दॅट' साठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. स्पॅनिशमध्ये तीन पायऱ्या, 'एस्ते' माझ्याजवळचा, 'एसे' तुझ्याजवळचा, 'आकेल' दोघांपासून लांबचा. इंग्लिशमध्ये आपल्या हा-तो सारखे दोनच, त्यामुळे हे सोपं, अडचण उच्चाराची आहे. त्यांच्याकडे ऱ्हस्व-दीर्घ इ-ई असा फरक नाही आणि 'झ' पण नाही, म्हणून 'धिस' आणि 'धीज' एकच ऐकू येतं. केळीवालीसमोर उभं करून 'धी...ज' असं लांबवायला लावा. तिथेच 'वन' पण शिकवा, कारण "द रेड" म्हणून थांबतात, "तो तांबडा द्या" सारखं, इंग्लिशला 'द रेड वन' लागतं.

बाकीचं पटपट. "उद्या भेटू" ला ते "वी सी अवरसेल्व्ज टुमारो" म्हणतात, कारण "स्वतःला" आणि "एकमेकांना" दोन्हीचं काम त्यांच्याकडे एकच शब्द करतो, त्यांना म्हणावं आरसा असला तर 'अवरसेल्व्ज', माणूस असला तर 'ईच अदर'. आदराचं 'यू' कुठलं विचारतील, नाही म्हणून सांगा. 'हू' आणि 'विच' मध्ये अडकतात कारण त्यांचा 'के' सगळीकडे चालतो, तर "द मॅन दॅट", "द हाऊस दॅट" असं आधी 'दॅट' वरच भागवा, स्वल्पविरामानंतरचे 'हू' आणि 'विच' मागाहून. हे सगळं एकदम नको, आठवड्याला एकच धरा, म्हणजे 'के' पर्यंत पोचेपर्यंत त्यांचा व्हिसा पण संपत आलेला असतो.