घाटातल्या रेघेपासून चार पानांच्या पेपरपर्यंत : डिजिटल भूवैज्ञानिक नकाशावर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

दिवेघाट चढताना रस्त्याच्या कापात मधूनच एक तांबडा पट्टा दिसतो. आम्ही त्याला ‘रेड बोल’ म्हणतो. खालचा लाव्हा निवला, त्यावर माती धरायला वेळ मिळाला, मग वरून पुढचा प्रवाह आला. बहुतेक ठिकाणी या पट्ट्याची गोष्ट अशीच असते. दख्खनच्या बेसाल्टात काळ्यावर काळा थर असतो, त्यामुळे दोन प्रवाह वेगळे ओळखायला असा पट्टा म्हणजे मोठाच आधार. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण हा पट्टा डोंगराच्या सोंडांवरून माग काढत नकाशावर रेघेने उतरवत होतो. त्याच कामावर, डिजिटल नकाशातंत्राच्या एका कार्यशाळेसाठी मी आयुष्यातला पहिला पेपर लिहिला.

पहिल्या मसुद्याची दीड पानं दख्खनच्या थोरवीतच गेली. ६ कोटी ६० लाख वर्षं, ५ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ती पानं शांतपणे बाजूला ठेवली. म्हणाल्या, “अगं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. ही रेघ तू कुठून आणलीस, ते लिही.”

नव्याने लिहिणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचंय. संशोधन-पत्रिकेतला लेख निष्कर्षासाठी वाचला जातो, तर तंत्राच्या कार्यशाळेतला पेपर कृतीसाठी. समोर बसलेला माणूस उद्या स्वतःच्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) हेच काम करणार असतो. तुम्ही काय केलं, कुठं अडलात आणि कसं सुटलं, हे त्याला हवं असतं. अमेरिकेत तिथलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्याराज्यांची सर्वेक्षणं मिळून १९९७ पासून ‘डिजिटल मॅपिंग टेक्निक्स’ नावाच्या कार्यशाळा घेत आली आहेत. पहिली कॅन्सस राज्यात लॉरेन्सला झाली. त्यांतले लेख फुकट वाचायला मिळतात. त्यांतले दोन-तीन आधी वाचा. लिहिणारे रोज नकाशे करणारे लोक आहेत, आणि सांगताना ते आडपडदा ठेवत नाहीत.

आता आमचा घोटाळा. घाटाच्या बाजूची नोंद मी विभागाच्या हातातल्या जीपीएसवर घेतली होती, शेजारच्या सोंडेवरची मैत्रिणीने फोनच्या अॅपवर. घरी येऊन सगळे बिंदू क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. तोच तांबडा पट्टा तिच्या बाजूला ६३ मीटर खाली! दख्खनचे प्रवाह जवळजवळ आडवे, नती (थराचा उतार) जेमतेम अर्धा-एक अंश. जेमतेम किलोमीटरभरात एवढी घसरण होते म्हणजे मध्ये प्रस्तरभंग, खडक तुटून एक बाजू खाली सरकलेली जागा, हवा. दोन सोंडांमधला ओढाही नेमका सरळ रेषेत वाहत होता. मी ओढ्यावर लाल रेघ ओढली आणि पेपरात त्यावर अर्धं पान लिहिलं.

प्रस्तरभंगावर खडक चुरडलेला असतो, म्हणून मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “ओढ्यात चुरडलेला खडक दिसला का?” दिसला नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही उपकरणं घाटातल्या एकाच मोरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवली, दहा मिनिटं थांबलो आणि आकडे वाचले. फरक तिथंही साठ मीटरच्या वरच. हातातलं जीपीएस समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत होतं, आणि फोनचं अॅप एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. आपल्याकडे हा आकार समुद्रसपाटीच्या बराच वर येतो, म्हणून त्यापासून मोजलेली उंची साठेक मीटरने कमी भरते. अॅपमध्ये जिऑइडची, म्हणजे या दोन पातळ्यांमधल्या फरकाची, दुरुस्ती चालू केली, जुन्या नोंदी सुधारल्या, आणि पट्टा दोन्ही सोंडांवर एका पातळीत आला. प्रस्तरभंग नव्हताच.

मला वाटलं, हे झाकावं. मॅडमनी उलट सांगितलं: पेपराचा गाभा हाच. खरं होतं ते. जिथं नती मोठी असते तिथं उंचीतल्या चुकीनं एवढं बिघडत नाही, पण आपल्याकडे उंचीवरूनच प्रवाह जुळवायचे असतात. कार्यशाळेत सगळ्यात जास्त प्रश्न याच परिच्छेदावर आले. दोन जणांनी जागेवरच आपापल्या फोनची सेटिंग उघडून पाहिली.

दुसरी गोष्ट रेघेच्या खात्रीची. पडद्यावर झूम करत गेलं की रेघ वाटेल तितकी नाजूक काढता येते, पण पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. म्हणून काम कोणत्या प्रमाणावर डिजिटाइझ केलं ते लिहा. शिवाय प्रत्येक रेघेला स्वतःचा हिशेब द्या. आमच्या टेबलात आधी ‘प्रकार’ एवढाच रकाना होता. नंतर दोन वाढवले: रेघ कशावरून काढली (चालत जाऊन, उपग्रह-चित्रावरून, की दोन ठिकाणांच्या मध्ये अंदाजाने), आणि ती किती मीटर इकडेतिकडे असू शकते. अमेरिकेच्या सर्वेक्षणाची नकाशांसाठीची जी ठरलेली डेटाबेस-रचना आहे, जीईएमएस, तिच्यात मीटरमधल्या खात्रीचा रकाना असतोच. तो पाहूनच आम्ही घेतला. मग चालत पाहिलेली रेघ अखंड, अंदाजाची तुटक, मातीखाली गेलेली ठिपक्यांची. असं केल्यावर आमच्या नकाशात निम्म्याहून जास्त रेघा तुटक झाल्या. मला फार वाईट वाटलं, पण नकाशा तेव्हा कुठे खरा झाला.

नावांचंही आधी ठरवून घ्या. सह्याद्रीतल्या प्रवाहांच्या नावांच्या दोन पद्धती चालतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी एक, आणि रासायनिक घटकांवरून केलेली बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी दुसरी. एकाच रकान्यात दोन्हीकडची नावं मिसळली तर टेबल निरुपयोगी होतं. आमच्याकडे रासायनिक पृथक्करण नव्हतं, म्हणून पहिली पद्धत घेतली आणि पेपरात एका वाक्यात तसं सांगितलं.

बारीकसारीक तांत्रिक गोष्टी भरभर सांगते. शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइल प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, आणि देवनागरी गावांची नावं कधीकधी चौकोन होऊन बाहेर येतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरा. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरच्या आहेत, त्या थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो आकार) समजून बसवल्या तर रस्त्यावरचे बिंदू शेतात जातात. पुणे यूटीएम या निर्देशांक-पद्धतीच्या ४३ व्या झोनमध्ये येतं, नागपूर ४४ व्या. विदर्भातल्या मित्राची फाइल जशीच्या तशी उचलू नका. पायाभूत नकाशा, उपग्रह-चित्र किंवा भूकोश या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरची माहिती घेतली असेल तर आकृतीखाली श्रेय द्या, आणि ती छापायच्या अटी आधीच वाचा.

आकृतीवर मात्र सावकाश बसा. पडद्यावर देखणा दिसणारा नकाशा पेपराच्या पानावर तळहाताएवढा होतो. मी पहिली प्रत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात काढली, तर ‘सघन बेसाल्ट’ आणि ‘पोकळ्यांचा बेसाल्ट’ एकाच करड्या रंगात गेले. त्यातल्या एकाला ठिपक्यांची नक्षी दिली, आठ रंगांचे पाच केले, गावांची नावं सोळावरून चारावर आणली. ‘१:५०,०००’ असं नुसतं लिहू नका. पानावर नकाशा लहान झाला की तो आकडा खोटा ठरतो. अंतराची पट्टीच काढा, तीही नकाशाबरोबर लहान होते.

लिहिताना मी वहीतला क्रम धरला: कुठं गेलो, कशाने मोजलं, काय जुळेना, काय तपासलं, शेवटी रेघ कुठं पडली. गोषवारा सगळ्यात शेवटी, एका बैठकीत झाला. पाठवण्याआधी पेपर अशा वर्गमैत्रिणीला दिला, जी आमच्याबरोबर फील्डला आली नव्हती. तिने मजकुरावरून एक रेघ पुन्हा काढून पाहिली आणि दोन ठिकाणी अडली. त्या दोन जागी एकेक वाक्य वाढलं.

आणि दोन उपकरणांनी काम करत असाल, तर दोन्ही एका जागी ठेवून घेतलेली एक तरी नोंद वहीत आहे का, ते आजच पाहा. नसेल तर पाऊस लागायच्या आत जाऊन या. पावसाळ्यानंतर घाटातल्या कापांवर कमरेएवढं गवत उभं राहतं, ते वाळून खडक पुन्हा उघडा पडेपर्यंत पेपराची तारीख निघून गेलेली असते.