ड्रायव्हिंग रेंज आणि मिनी गोल्फ : पहिल्यांदा जाताना या चुका टाळा

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान प्रतापसिंहराव महाराजांनी 1930 च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलं. त्यांचे नातू, रणजी खेळलेले समरजितसिंह यांनी 1990 च्या दशकात ते नव्याने तयार करून लोकांना खुलं केलं. तरीही आपण बडोदेकर हातात क्लब (गोल्फची काठी) घेतो तो बॅटसारखाच. रेंजवरच्या, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावरच्या, बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

बॅट्समन पाय पुढे टाकून चेंडूला भिडतो. गोल्फमध्ये चेंडू जागचा हलत नाही, तुम्हीही पुढे सरकायचं नाही. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि फटका होईपर्यंत डोकं वर काढू नका.

चेंडूंची पहिली बादली घेतली की लोक थेट ड्रायव्हर उचलतात. तो सगळ्यात लांब आणि आवरायला सगळ्यात अवघड क्लब. सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या चपट्या तोंडाचा क्लब) सुरुवात करा, तीही अर्ध्या स्विंगने.

चेंडू जमिनीवरूनच घरंगळतोय? मग तुम्ही त्याला खालून उचलायला बघताय. नवख्यांची ही सगळ्यात चिवट सवय. आयर्नचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मुळातच मागे झुकलेलं असतं, चेंडू वर चढवायचं काम ते करतं. तुम्ही क्लब खाली येऊ द्या, तो आधी चेंडूला लागेल आणि मग खालच्या मॅटला. चेंडू उजवीकडे वळत असेल, तर फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहतंय. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डावी मूठ थोडी उजवीकडे फिरवावी. वरून पाहताना त्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. पकड घट्ट आवळू नका, मनगटं आखडतात. अंतर कमी भरलं म्हणून खट्टू होऊ नका, रेंजवरचे चेंडू बहुधा टणक आणि वापरून झिजलेले असतात.

मुलांच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. क्लब मागे जातो तो खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि लहान मुलाचं डोकं नेमकं त्या उंचीवर असतं. मोबाइलवर व्हिडिओ काढायला जवळ सरकणारे आई-बाबाही याच धोक्यात असतात. मॅटमागच्या रेषेपलीकडेच थांबायचं, आणि पुढे पडलेला चेंडू आणायला कुणीही जायचं नाही, अगदी दोन पावलांवर असला तरी. मे महिन्यात तर सकाळी लवकरच जा, दुपारच्या उन्हात मुलं दमली की त्यांचं लक्ष राहत नाही.

मिनी गोल्फमध्ये, म्हणजे गालिच्यावरच्या छोट्या गोल्फमध्ये, फक्त पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायचा क्लब) वापरायचा. इथली चूक म्हणजे झटका. जोर हवा असेल तर पटर जास्त मागे न्या, झटका देऊ नका. भोक दिसत नसेल तिथे कडेचा आधार घ्या. कॅरमच्या बोर्डावर रिबाउंड मारतो तसंच, ज्या कोनात चेंडू कडेला लागेल साधारण त्याच कोनात सुटेल. पाऊस पडून गेल्यावर ओला गालिचा चेंडू अडवतो, तेव्हा थोडा जोर वाढवा. सहा फटक्यांत चेंडू गेला नाही, तर सात फटके लिहून पुढच्या भोकाकडे चला. मागे दुसरं कुटुंब थांबलेलं असतं.