पिठल्यावरून ज्वालामुखी बेट कसं समजून घ्यायचं

आपण मराठवाड्यातले लोक जन्मापासून लाव्ह्यावरच राहतोय, तरी ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यापुढं शंकूसारखा डोंगर येतो. ते डोक्यातून काढायचं असेल तर मोबाइलवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा अन् ग्रीसमधलं निसिरोस बेट शोधा, कोस बेटाच्या दक्षिणेला आहे.

बेट जवळपास गोल, जेमतेम ४१ चौ. किमी. मधोमध कड्यांनी वेढलेला सुमारे ४ किमीचा खोलगट भाग दिसेल. तो कॅल्डेरा, म्हणजे खालचा मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) बाहेर पडल्यावर वरचं छत बसलं ती जागा. लोणारसारखं वाटतंय म्हणून फसू नका, लोणार उल्केनं झालंय. आता झूम करा, पांढरट-पिवळा खड्डा दिसतो तो स्टेफानोस, ३०० मीटरपेक्षा लांब, पिवळं दिसतं ते गंधक. १८७३ आणि १८८७ला इथं स्फोट झाले पण लाव्हा आला नाही, जमिनीतलं पाणी तापून वाफ फुटली नुसती.

आता आपल्याकडं लाव्ह्याचे थर अन् तिकडं खड्डा असं का, तर कढी आणि पिठलं आठवा. पातळ कढी सांडली की ओट्यावर लांब पसरते, तसा आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून येऊन पसरला, म्हणून बालाघाटचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि वरून सपाट. घट्ट पिठलं मात्र रटरटलं की फट्कन उडून हातावर चटका देतं. आफ्रिकेची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, निसिरोसभोवतीच्या एजियन समुद्राखाली सरकते, त्यामुळं तिथला मॅग्मा सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त असलेला, चिकट. त्यात वायू कोंडतो अन् स्फोट होतो. किंवा मग लाव्हा न पसरता जागेवरच ढीग घालतो, कॅल्डेराच्या पश्चिमेचा ६९८ मीटरचा प्रोफितिस इलियास तसाच झालाय.

शेवटी बादलीचा प्रयोग करा. विहीर खोदताना निघणारा मांजऱ्या दगड घ्या, त्याच्या बुडबुड्यांच्या भोकांत पांढऱ्या गारा भरलेल्या असतात, तो बुडतो. मग प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड टाका, निसिरोसशेजारच्या याली बेटावर त्याच्या खाणी आहेत, तो तरंगतो कारण त्याची भोकं रिकामीच राहिली. दुकानात घेताना बघून घ्या, मला पाय घासायची भाजलेल्या मातीची वजरी दिली होती, ती बुडाली तरी मी ती वर येईल म्हणून अर्धा तास बादलीपाशी बसून होतो.