पगार कमी पडतो तेव्हा: आधी हिशोब, मग अर्ज, मग नोटीस

इंदूरच्या सांवेर रोडवर किंवा जवळच्या पीथमपुरात कारखान्यात बारा तासांची पाळी करून महिन्याला १३,००० हातात पडतात, आणि विचारलं की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: "सरकारी दरापेक्षा जास्तच देतोय." डोकं फिरवणारं हे उत्तर खोडायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

किमान वेतन आठ तासांच्या दिवसाचं असतं. महिन्याच्या दराला २६ ने भागा, आलेल्या रोजाला ८ ने. ओव्हरटाइमच्या तासाला त्याच्या दुप्पट. समजा, तुमच्या श्रेणीचा (अकुशल, कुशल वगैरे) दर १२,४८० आहे. (आकडा सोयीसाठी घेतलाय. खरा दर मध्य प्रदेश श्रमायुक्तांच्या ताज्या आदेशात बघा. महागाई भत्त्यामुळे तो एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो.) रोज ४८०, तास ६०, ओव्हरटाइमचा तास १२०. दिवसाला ४ तास जादा, २६ दिवस, म्हणजे १०४ तास, म्हणजे पुन्हा १२,४८०. दर कुठलाही घ्या, रोजचे चार तास जादा म्हणजे बरोबर आणखी एक पगार. हक्काचे २४,९६०, मिळाले १३,०००, तूट ११,९६०. दावा मागच्या तीन वर्षांपर्यंतचा करता येतो. सगळे महिने असेच गेले असतील तर रक्कम होते ४,३०,५६०.

बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात. "पगार फार कमी आहे" असं लिहिलेलं असतं, महिनावार तूट नसते. दुसरी गफलत श्रेणीची: माणूस वर्षानुवर्षं मशीन चालवतो आणि हजेरीपटावर अकुशल असतो.

आता पुरावा. पैसे दिल्याचं सिद्ध करणं कायद्याने मालकावर आहे, पण तुम्ही किती तास काम केलंत हे दाखवायला तुमच्याकडेही काही हवं. एका वहीत रोज आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. पगारपर्ची, गेटपास, पाळी बदलल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट, सगळ्याचे फोटो घरच्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा. काही ठिकाणी खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि त्याच संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस एटीएमबाहेर उभा राहून दोन-तीन हजार परत घेतो. अशा वेळी पैसे काढल्याची स्लिप फेकू नका. मागे तारीख आणि दिलेली रक्कम लिहा.

अर्ज कामाची जागा ज्या हद्दीत, तिथल्या श्रम कार्यालयात. तुम्ही इंदूरच्या सुदामानगरात राहत असाल, पण पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. एका कारखान्यातल्या कितीही कामगारांचा एकच अर्ज चालतो, आणि तसाच करा; एकट्याला काढणं सोपं असतं. ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही पक्षकार करा. ठेकेदाराने दिले नाहीत तर देणं कंपनीवर येतं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज पडून राहिला तर १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा किंवा मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत पोचेची प्रत घेऊन जा.

संप करायचाच असेल तर लेखी नोटीस द्या. नोटिशीनंतर १४ दिवस थांबावं लागतं, आणि समेटाची बोलणी चालू असताना व ती संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकदम सुट्टी टाकली तरी तो संपच धरतात. दहा किंवा जास्त जण ठरवून, विनानोटीस आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला आहे. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

राग अनावर झाला की कुणी मशीन फोडतं, कुणी मॅनेजरला कोंडतं, कुणी पाण्याच्या टाकीवर चढतं. खरं सांगायचं तर मालकाचा वकील याचीच वाट बघत असतो. त्या दिवसापासून फाईल पगाराची राहत नाही, पोलिसांची होते. साक्षीदार पांगतात आणि तुम्ही जामिनाच्या मागे लागता. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला जीव देण्याचा प्रयत्न करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे. पण साथीदार तसं बोलू लागला तर आधी कलम सांगत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. तो मोफत आहे.

जुनी देणी किती रखडतात हे इंदूरला सांगायला नको. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, कामगारांचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. म्हणून कागद जपा, वारसाला दाखवून ठेवा.

तडजोडीच्या दिवशी "सर्व येणे मिळाले" असा छापील कागद पुढे येतो. चेक वटेपर्यंत सही नको. सही करावीच लागली तर मिळालेली रक्कम, चेक नंबर आणि "बाकी दावा कायम" हे स्वतःच्या हाताने लिहा, आणि कागदाचा फोटो काढूनच तो परत द्या.